घरच्या घरी तबकडी कोरताना

ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकली की गाणं सुरू होतं. हे पहिल्यांदा पाहणारं मूल हमखास विचारतं, ‘सुईतून आवाज बाहेर येतो, तर सुईसमोर बोललं की तो आत जाईल का?’ मोठी माणसं हसून विषय बदलतात. पण उत्तर ‘हो’ असं आहे. १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या कितीतरी दिवाणखान्यांत हेच काम करणारं यंत्र होतं. मिशिगन राज्यातल्या शार्लट गावची विल्कॉक्स-गे कंपनी ते ‘रेकॉर्डिओ’ या नावाने विकत असे. एकाच पेटीत रेडिओ, ग्रामोफोन आणि तबकडी कोरणारा कटर. कोरी तबकडी ठेवायची, मायक्रोफोन हातात घ्यायचा, मुलांनी गाणं म्हणायचं, आजोबांनी दोन शब्द बोलायचे आणि लगेच तीच तबकडी तिथल्या तिथे वाजवून ऐकायची. न्यूयॉर्कच्या प्रेस्टो कंपनीची यंत्रं याहून दणकट. ती रेडिओ केंद्रांत, शाळांत आणि छोट्या स्टुडिओंत गेली.

टेपरेकॉर्डर आला आणि १९५०च्या दशकात ही यंत्रं माळ्यावर जाऊन पडली. आता तीच खाली काढून दुरुस्त करणारे आणि नव्याने तबकड्या कोरणारे हौशी लोक जगभर आहेत. आवाज म्हणजे नेमकं काय, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं घरगुती यंत्र माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना यात हात घालायचा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फक्त समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठीही, हा लेख.

वाजवणारी सुई आणि कोरणारी सुई

तबकडीवर गोल गोल दिसणाऱ्या अनेक रेघा ही खरं तर एकच लांबलचक खाच असते. ती बाहेरून आत वळत जाते. भिंगातून पाहिलं तर ती सरळ नसून डावी-उजवीकडे नागमोडी असते. ही वळणं म्हणजेच आवाज. वाजवताना खाचेच्या भिंती सुईला हलवतात, त्या हालचालीची बारीक वीज होते, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरचा पडदा थरथरतो.

कोरताना हीच साखळी उलटी चालते. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि कटर हेड त्या विजेने सुईला डावी-उजवीकडे हलवतं. सुई खाली फिरणाऱ्या तबकडीत खाच पाडत जाते आणि आवाजाप्रमाणे ती खाच नागमोडी होते.

मग घरातल्या साध्या रेकॉर्ड प्लेअरला मायक्रोफोन जोडून हे का होत नाही? एक तर वाजवणारी सुई गोल टोकाची असते. ती खाचेत बसते, पण कापत नाही. दुसरं, कापायला जोर लागतो. कटर हेडला काही वॉट शक्ती हवी असते आणि वाजवणारं कार्ट्रिज ती पेलूच शकत नाही. तिसरं कारण सहज लक्षात येत नाही. वाजवणाऱ्या सुईला वाट खाच दाखवते. कोऱ्या तबकडीवर खाचच नसते, मग सुईला आत कोण नेणार?

हे काम लीड स्क्रू करतो. लेथवर काम केलेल्यांना तो ओळखीचा असेल. हा आट्यांचा लांब दांडा तबकडीबरोबर फिरतो आणि कटर हेडला अगदी संथ, सारख्या गतीने सरकवतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एका इंचात साधारण ९६ ते १२० खाचा बसतात. इंचाला शंभर धरल्या तर तबकडी एकदा फिरेपर्यंत सुई पाव मिलिमीटर सरकते. दहा इंची तबकडीवर कोरण्याजोगा पट्टा अडीच इंचांचा धरा. म्हणजे अडीचशे फेऱ्या, मिनिटाला ७८ या वेगाने तीन मिनिटं आणि थोडी सेकंदं. जुनी गाणी तीन मिनिटांत का संपत, याचं उत्तर या गणितात आहे.

हा सगळा व्यवहार नांगरटीसारखा आहे. खाच ही सरी आणि दोन खाचांमधली न कापलेली पट्टी हा वरंबा. नांगरावर भार कमी पडला तर फाळ नुसता खरवडत जातो, जास्त पडला तर खोल रुततो आणि शेजारच्या वरंब्याला धक्का लागतो. कटरचंही तसंच. त्या काळच्या कारागिरांचा ठोकताळा होता की खाच साठ टक्के आणि मधली पट्टी चाळीस टक्के असावी. पाव मिलिमीटरमध्ये खाच सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद. आवाज मोठा झाला की सुई जास्त झुलते, तेव्हा लागणारी मोकळी जागा या चाळीस टक्क्यांतूनच मिळते. खर्जाचे स्वर सुईला सर्वांत जास्त झुलवतात. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायरमध्ये तो पुन्हा वाढवतात.

कोरायचं कशावर?

घरातल्या जुन्या लाखेच्या तबकडीच्या कोऱ्या भागावर कोरता येईल का, असा विचार मनात येतो. नाही येणार. त्या तबकड्यांत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड भरपूर असते. ती कटरची धार काही क्षणांत घालवते.

कंपन्या स्वतः मेणाच्या जाड वड्यांवर कोरत. त्या मेणावर धातूचा थर चढवून ठसे बनवायचे आणि ठशांनी लाखेच्या तबकड्या दाबायच्या. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हाची मेणं जर्मनीत हॅनोव्हरला पाठवावी लागली. तबकड्या तिथे बनून परत आल्या. गाणाऱ्याला आपला आवाज ऐकायला महिनोन् महिने थांबावं लागे.

‘आत्ता कोरा, आत्ता ऐका’ हे साधायला वेगळा पदार्थ हवा होता. १९३०च्या सुमारास आरसीए व्हिक्टर कंपनीने घरगुती ध्वनिमुद्रणासाठी आधीच खाच पाडलेल्या प्लास्टिकच्या तबकड्या काढल्या. सुईला वाट तयार मिळाली, लीड स्क्रूची गरजच संपली. पण आवाज क्षीण येई. काहींनी उघड्या ॲल्युमिनियमवर काम केलं. त्यात सुई कापत नसे, धातू दाबून खाच उमटवत असे. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा ॲलन अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकगीतं गोळा करत फिरत होते, तेव्हा मोटारीच्या मागच्या बाजूला असंच यंत्र होतं. वजन ३१५ पौंड, म्हणजे जवळजवळ १४३ किलो! लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात लेडबेली या गायकाचा आवाज त्यांनी पहिल्यांदा उतरवला तो याच फेरीत.

खरा मार्ग १९३४च्या सुमारास सापडला. फ्रान्समध्ये पिराल कंपनीने आणि अमेरिकेत प्रेस्टोने लॅकरची तबकडी आणली. मध्ये ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा आणि दोन्ही बाजूंना सेल्युलोज नायट्रेटच्या लॅकरचा गुळगुळीत काळा थर. हा थर साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाड असतो आणि खाच त्यात ०.०५ मिलिमीटरच्या आसपास खोल जाते. मेणासारखा सहज कापला जाणारा आणि तरी लगेच वाजवता येण्याइतका घट्ट, हे लॅकरचं वैशिष्ट्य. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांसाठी लागू लागलं, तेव्हा मधला पत्रा जाऊन काच आली. स्वस्त घरगुती तबकड्यांत पुठ्ठा आला. सैनिकांनी घरी पाठवलेली बोलकी पत्रं बहुधा अशा पुठ्ठ्याच्या तबकड्यांवर असत.

अशा तबकडीची एकच प्रत असते. १९५३ साली मेम्फिसच्या एका छोट्या स्टुडिओत एल्विस प्रिस्ली नावाच्या नवख्या मुलाने स्वतःच्या पैशाने कोरून घेतलेली तबकडी २०१५च्या लिलावात तीन लाख डॉलरला गेली. गिटारवादक लेस पॉल यांनी तर एका तबकडीवर वाजवून, ती पुन्हा वाजवत त्यावर दुसरा थर दुसऱ्या तबकडीवर कोरत, आठ गिटारींचं ‘लव्हर’ हे ध्वनिमुद्रण घरीच केलं. ते १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या कटरची जड चकती कॅडिलॅक मोटारीच्या फ्लायव्हीलची होती. चकती जड असली की वेग डळमळत नाही. आजही यंत्र निवडताना हा निकष लागू पडतो.

कीस: दिसायला केसासारखा, स्वभावाने दारूगोळा

सुई लॅकर कापते, म्हणजे कापलेलं लॅकर कुठेतरी जाणारच. काळ्या केसासारखा अखंड बारीक धागा सुईमागून निघत राहतो. तो आपोआप तबकडीच्या मध्याकडे सरकतो. खाच बाहेरून आत कोरत असाल तर हा धागा सुईच्या पुढ्यात येतो, सुईखाली अडकतो आणि खाच बिघडवतो. म्हणून काही घरगुती यंत्रं मुद्दाम आतून बाहेर कोरतात. बाकी ठिकाणी एका हातात मऊ ब्रश घेऊन धागा मध्याकडे हाकत राहावं लागतं. स्टुडिओत त्यासाठी शोषक नळी असे.

हा धागा सेल्युलोज नायट्रेटचा आहे, हे क्षणभरही विसरू नका. जुन्या सिनेमाच्या फिल्मचा हाच पदार्थ. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे जुने चित्रपट जळाले, ते आपल्याला माहीत आहे. पसरलेला कीस ठिणगीने भपकन पेटतो. तो गोळा झाला की लगेच पाणी भरलेल्या झाकणाच्या बरणीत टाकायचा. कोरणाऱ्या खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, निरांजन, सोल्डरिंग काहीही नको. कचऱ्याच्या टोपलीत तर तो कधीच टाकायचा नाही.

कोऱ्या तबकड्यांची आजची टंचाईही आगीमुळेच आली. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. त्यानंतर लॅकर तबकड्यांसाठी जग मुख्यतः जपानच्या एका कंपनीवर अवलंबून राहिलं. त्यामुळे तबकड्या महाग आहेत. जुन्या बाजारात न वापरलेल्या मिळतात, पण वयाने त्यांचं लॅकर कडक झालेलं असतं आणि खाच खरखरीत येते. सरावाला त्या चालतील, जपून ठेवायच्या आवाजाला नकोत. काही हौशी लोक पॉलिकार्बोनेटच्या चकत्यांवर हिऱ्याच्या सुईने खाच दाबून उमटवतात. आगीची भीती नाही, पण जुन्या घरगुती कटर हेडचा जोर त्याला बेताचाच पडतो.

यंत्र घेताना काय पाहायचं

आधी यांत्रिक भाग पाहा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कुशल माणूस दुरुस्त करू शकतो. नाहीच झाला तर बाहेरचा नवा जोडता येतो. पण लीड स्क्रूचे आटे झिजलेले असतील, तबकडी फिरवणाऱ्या रबरी चाकाला एका जागी खळगा पडला असेल, चकती डगमगत असेल, तर ते प्रत्येक खाचेत उतरणार. रबरी चाक बदलून मिळतं. मोडलेला लीड स्क्रू मिळणं फार कठीण.

घरगुती यंत्रांच्या कटर हेडमध्ये बहुधा रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. वीज दिली की तो वाकतो आणि सुईला हलवतो. स्वस्त, सुंदर युक्ती. पण हा स्फटिक दमट हवेत विरघळतो आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास निकामी होतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळ्यात उघडा पडलेला असा कटर जिवंत सापडण्याची आशा धरू नये. प्रेस्टोसारख्या यंत्रांत चुंबकीय हेड असतं, ते टिकतं. निवड करता आली तर चुंबकीयच घ्या.

सत्तर-ऐंशी वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगमध्ये घालू नका. आतले कागदी कपॅसिटर खराब झालेले असतातच. व्हॉल्व्हसाठी आत तीनशे व्होल्टपर्यंत वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ साठून राहते. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारी जुनी माणसं अजून आपल्या शहरांत आहेत. हे काम त्यांच्या हातूनच करून घ्यावं.

पन्नास हर्ट्झचा चकवा

अमेरिकी यंत्र ११० व्होल्टवर चालतं, आपल्या घरात २३० व्होल्ट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत विजेची दिशा सेकंदाला ६० वेळा फेरे घेते, आपल्याकडे ५० वेळा. या यंत्रांची मोटर त्या फेऱ्यांवर चालते. त्यामुळे ७८च्या जागी तबकडी आपल्याकडे मिनिटाला ६५ फेऱ्याच घेते.

त्याच यंत्रावर कोरून त्याच यंत्रावर ऐकलं तर काही कळत नाही. तीच तबकडी दुसऱ्याच्या ७८च्या प्लेअरवर लावली की काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी तीनमध्ये ऐकू येतं, तेही धावत. फसवणूक इथे थांबत नाही. वेग तपासायला पट्ट्यांची स्ट्रोबोस्कोप चकती वापरतात. विजेच्या लुकलुकत्या दिव्याखाली पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण यंत्राबरोबर आलेली अमेरिकी चकती ९२ पट्ट्यांची असते, आणि आपल्या विजेच्या दिव्याखाली ती नेमकी ६५ फेऱ्यांना स्थिर दिसते. मोटर आणि मोजपट्टी दोन्ही एकाच बाजूने चुकतात. आपल्याकडे ७८ फेऱ्यांसाठी ७७ पट्ट्यांची चकती हवी आणि निऑनचा दिवा हवा, कारण अनेक एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत.

उपाय दोन आहेत. ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर, किंवा मोटरच्या दांड्यावर सहा-पंचमांश व्यासाची पितळी नळी बसवणं. दुसरा उपाय स्वस्त आहे. चांगला टर्नर ती नळी करून देतो, पण ती अगदी गोल हवी.

पहिला कट: मायक्रोफोनशिवाय

सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मायक्रोफोन जोडून बोलायची घाई असते. माझं ठाम मत आहे की पहिल्या काही तबकड्या मुक्या कोराव्यात. आवाज न देता नुसती खाच पाडायची आणि ती डोळ्यांनी वाचायची.

सुई तीन प्रकारची मिळते. पोलादी सुई स्वस्त, पण तिची धार अर्ध्या तासाच्या आत जाते. स्टेलाइट मिश्रधातूची त्याहून टिकते. नीलमण्याची, म्हणजे सफायरची, काही तास टिकते आणि सर्वांत शांत खाच पाडते. मात्र ती लॅकर भेदून ॲल्युमिनियमला लागली की तुटते. म्हणून हात बसेपर्यंत पोलादीच बरी. सुईचा सपाट चेहरा तबकडीच्या पृष्ठभागाशी काटकोनात आणि येणाऱ्या लॅकरकडे तोंड करून बसला पाहिजे. सुई किंचित जरी फिरली तरी खाचेची एक भिंत गुळगुळीत आणि दुसरी फाटलेली येते.

मग भार ठरवायचा. कटर हेडवर स्प्रिंग किंवा सरकतं वजन असतं. कमी भारापासून सुरुवात करून थोडा थोडा वाढवत जायचं आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा कोरून भिंगाखाली पाहायचा. साध्या भिंगाने भागत नाही, चाळीस पट मोठं दाखवणारं खिशातलं सूक्ष्मदर्शक घ्या.

┌────────────────────────
चौकट: मुकी खाच काय सांगते?

काळी, आरशासारखी चमकणारी खाच: सुईला धार आहे, कोन बरोबर आहे.

राखाडी, मळकट खाच: धार गेली आहे किंवा सुई तिरकी बसली आहे. वाजवताना सूं-सूं आवाज येणार.

अखंड केसासारखा कीस: खोली ठीक. कीस तुकड्यांत किंवा भुशासारखा पडत असेल तर खाच उथळ आहे किंवा लॅकर वाळलं आहे.

कोरताना शिट्टीसारखा आवाज: सुई थरथरते आहे. कोन तपासा, सुई बदला.

प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी खाच खोल-उथळ: तबकडी वाकडी आहे किंवा यंत्र समतल ठेवलेलं नाही.
└────────────────────────

मुकी खाच वाजवून बघा. तिच्यात घरघर ऐकू आली तर ती मोटरची आहे. मग बाजाच्या पेटीचा एकच स्वर लांब धरून कोरा. वेग डळमळत असेल तर तो स्वर हेलकावे खाताना लगेच कळतो. बोलण्यात हा दोष झाकला जातो, लांब स्वरात नाही.

यानंतर मायक्रोफोन. यंत्रावर निऑनचा छोटा दिवा किंवा हिरवा ‘मॅजिक आय’ असतो. मोठ्या शब्दांवर दिवा जेमतेम लुकलुकावा, सतत पेटलेला नको. जोर जास्त झाला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसते आणि वाजवताना सुई तिथे उडी मारते किंवा अडकून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. तबकडीच्या मध्याकडे जाताना आणखी एक अडचण येते. ७८ फेऱ्यांना बाहेरच्या, १२ सेंटिमीटर त्रिज्येच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर लॅकर सरकतं, आतल्या ५ सेंटिमीटरच्या खाचेत फक्त ४१. तोच तीव्र स्वर तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो आणि ‘स’, ‘श’ची धार बोथट होते. म्हणून महत्त्वाचं गाणं मध्यापर्यंत ताणू नये. ३३ फेऱ्यांवर जास्त वेळ मिळतो, पण हा दोष दुपटीने वाढतो. नवख्याने ७८वरच राहावं.

कोरून झाल्यावर

ताजी लॅकर तबकडी जितकी वाजवाल तितकी झिजते. जड हाताच्या जुन्या ग्रामोफोनवर तर ती काही वेळांतच खराब होते. तेव्हा कोरल्यावर लगेच एकदा हलक्या वजनाच्या आर्मवर, ७८साठीच्या रुंद सुईने वाजवून तिची डिजिटल प्रत करून ठेवावी. आजच्या एलपीची सुई या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय फारसं काही ऐकवत नाही.

जुन्या सामानात एखादी अशी तबकडी हाती लागेल. ओळखायची खूण सोपी आहे. लेबलवर छापील नावाऐवजी हाताने लिहिलेलं असतं, मधल्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम, काच किंवा पुठ्ठा दिसतो, आणि बऱ्याचदा मुख्य भोकाशेजारी दुसरं एखादं छोटं भोकही असतं. तिच्यावर पांढरी बुरशीसारखी साय आलेली असेल. लॅकर लवचीक ठेवायला घातलेलं एरंडेल कालांतराने बाहेर पडतं, त्याची ती साय असते. लॅकर आकसून त्याला भेगाही पडलेल्या असतील. अशी तबकडी स्पिरिटने किंवा अल्कोहोलने पुसू नका, त्यात लॅकरच विरघळतं. कुतूहलापोटी घरच्या प्लेअरवर लावूनही पाहू नका. ती उभी ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या जाणकाराकडे न्या. तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.